पान त्रेचाळीसवरची जोडी

सरकारी पुस्तकात एकदा छापलेला पक्षी उडून जाऊ शकत नाही, हा नियम मी चौतीस वर्षांच्या नोकरीत मनापासून पाळला. आमच्या पुस्तिका कक्षातून 'प्रवाशांसाठी भारताची निसर्गशोभा' हे पुस्तक दर पाच वर्षांनी निघते. नवी आवृत्ती काढायची म्हणजे जुनी घ्यायची, प्रत्येक पानावर 'यथावत' असा शेरा मारायचा आणि वर्ष तेवढे बदलायचे. पान त्रेचाळीसवर दिल्लीच्या नैऋत्येला एक तळे आहे आणि तळ्यावर राखाडी अंगाच्या, लाल डोक्याच्या सारसांची जोडी. पहिल्या आवृत्तीपासून ती तिथेच आहे. त्या पानावर सहा वेळा 'यथावत' लिहून सही करणारा मीच, भालचंद्र देवस्थळी.

निवृत्तीला तीन महिने उरले आणि लक्ष्मीबाई नगरचे क्वार्टर सोडायची नोटीस आली. आम्ही निवांत होतो. द्वारकेत सोसायटीचा फ्लॅट तयार होता, तिसरा मजला, पूर्वेला बाल्कनी. लतिकेने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. फक्त ताबापत्र यायचे होते. त्याऐवजी संबंधित कचेरीचे पत्र आले की सदर जागी तळे असून तळ्यात फ्लॅटचा ताबा देण्याची तरतूद नाही. पुरावा म्हणून पान त्रेचाळीसची प्रत जोडली होती. खाली माझीच सही.

"अच्छा," लतिका म्हणाली, "म्हणजे आपलंच घर तुम्ही सहा वेळा बुडवलंत."

ती शांतपणे बोलली की माझी पाचावर धारण बसते. दुसऱ्याच दिवशी मी आयुष्यात प्रथमच पुस्तकातली जागा प्रत्यक्ष पाहून टिपण लिहिले: तळे नाही, सारस नाहीत, आठ टॉवर आहेत, सबब पान वगळावे. आमच्या उपसंचालक प्रमोदिनीबाईंनी ते दोनदा वाचले. तळे नाही म्हटले की ते कोणी बुजवले हा प्रश्न येणार, चौकशी लागणार, टॉवर पाडणार, आणि पहिला साक्षीदार म्हणून मला उभे करणार, असे त्यांनी समजावले. थोडक्यात, तळे ठेवले तर घर जाते आणि तळे काढले तरी घर जाते. साठीला टेकलेला माणूस पडदे घेऊन कुठे जाणार? मला बाईंसमोर रडू आले.

बाई मनाने चांगल्या. त्यांनी नियमावली काढली. तळ्याच्या हद्दीत राहण्याचा हक्क फक्त तिथल्या वन्यजीवांना होता.

"तुमच्याच टिपणाप्रमाणे सारस जागेवर नाहीत," त्या म्हणाल्या. "म्हणजे दोन जागा रिक्त आहेत, देवस्थळी. रिक्त जागेवर समायोजन करता येतं."

आमचे समायोजन झाले. तात्पुरत्या स्वरूपात, पुढील आदेश होईपर्यंत. सारस जन्मभर एकाच जोडीदारासोबत राहतो, म्हणून विवाहाचा दाखला जोडावा लागला. पुण्याच्या मंगल कार्यालयातली लग्नाच्या जेवणावळीची छायाचित्रेही जोडली. अंडी घालण्याबाबतच्या रकान्यात बाईंनी वयाची सवलत दिली. आठवड्यात ताबापत्र आले. लतिकेने पडदे लावले आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याशी नीट बोलली.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही बाल्कनीत चहा घेत होतो. दिल्लीची थंडी, म्हणून दोघांच्या अंगावर राखाडी स्वेटर आणि डोक्यावर लाल कानटोप्या, लतिकेनेच विणलेल्या. खाली पर्यटकांची बस थांबली. मार्गदर्शकाने पुस्तक उघडले, पान त्रेचाळीस मोठ्याने वाचले आणि वर बोट दाखवले. चाळीस दुर्बिणी आमच्यावर रोखल्या गेल्या. कोणीतरी शेंगदाणे भिरकावले, ते चहात पडले.

लतिका आत जायला उठली. पण खालून मार्गदर्शक अदबीने म्हणाला की जोडीने नाचायचे असते, पुस्तकात लिहिलेय, आणि प्रवाशांची तक्रार गेली तर समायोजन रद्द होते.

लतिकेने पडद्यांकडे पाहिले. मग कप खाली ठेवला आणि पदर खोचला. मी एका पायावर उभा राहिलो. गुडघा दुखत होता, तरी राहिलो.

सोसायटीने आठवडाभर आमची टिंगल केली. मग बाकीच्यांनाही पत्रे आली. आता तळमजल्यावर कासवे आहेत, दुसऱ्या टॉवरमध्ये बगळे, आणि चेअरमनसाहेब पाणकोंबडी म्हणून कायम झाले आहेत. रोज सकाळी सगळे आपापल्या बाल्कनीत वेळेवर हजर असतात.

तुम्हीही हसताय? खुशाल हसा. फक्त तुमच्या इमारतीखाली आधी काय होते, ते एकदा पुस्तकात पाहून घ्या. सारसांच्या जागा भरल्या आहेत. बेडकांच्या थोड्या शिल्लक आहेत. अर्ज तीन प्रतींत करावा.