पद्मजाबाईंचा नेम

पद्मजाबाई धैर्यवान पाच दिवसांपासून एक डोळा मिटून जगाकडे बघत होत्या. तव्यावर पोळी टाकताना डावा डोळा मिटलेला, गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारताना मिटलेला, आणि गुरुवारी तर आमटीत मीठ कमी आहे असं हेरंबराव सांगत असताना त्या तसाच डोळा मिटून नवऱ्याच्या कपाळाच्या बरोबर मध्यभागी बघत राहिल्या. हेरंबरावांनी मिठाचा विषय तिथेच सोडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून अर्धी रजा काढून त्यांनी बायकोला ठाकुरद्वारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. बाईंनी सगळ्यात खालची ओळ वाचली. तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"घारीची नजर आहे तुमची," डॉक्टर म्हणाले. "मग डोळा कशासाठी मिटता?"

"नेम धरते," बाई म्हणाल्या.

घरी येईपर्यंत सगळं बाहेर पडलं. मागच्या रविवारी बाई दादरला बहिणीकडे गेल्या होत्या. तिथल्या एका आनंदमेळाव्यात तीन बाणांत फुगे फोडायचा खेळ होता. पहिल्या बाणाला फुगा फुटला, दुसऱ्याला फुटला, आणि तिसरा बाण हातात द्यायच्या आधीच खेळवाला म्हणाला, "बाई, बस करा, माझा धंदा बसेल." तेव्हापासून बाईंचे हात शिवशिवत होते.

"एकोणीस वर्षांत मी तुमच्याकडे काही मागितलं?" त्यांनी विचारलं. "पाटल्या मागितल्या? शालू मागितला? मला धनुष्यबाण पाहिजे."

नाही म्हणायला धैर्य लागतं, आणि ते हेरंबरावांकडे आडनावापुरतंच होतं. पण खरं सांगायचं तर त्यांना नाही म्हणावंसंही वाटलं नाही. हे बोलताना बायकोचा चेहरा असा उजळला होता, की आपण हा चेहरा शेवटचा कधी पाहिला होता हे ते फणसवाडीचा जिना चढेपर्यंत आठवत राहिले.

हेरंबराव एका जहाज कंपनीत हेडक्लार्क होते. कुठलंही काम हाती आलं, की ते आधी त्याची फाईल उघडत. नशिबानं त्याच महिन्यात त्यांचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि बंगल्यातलं सामान ऑफिसातल्या लोकांना वाटून टाकत होता. कोणी घड्याळ घेतलं, कोणी टी-सेट घेतला. हेरंबरावांनी कोपऱ्यात उभं असलेलं धनुष्य आणि सहा बाणांचा भाता मागितला. साहेबानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि खुर्ची जरा मागे सरकवली. इतकी वर्षं आपण या माणसाला उगाच गरीब समजत होतो, असं त्याला वाटलं असावं.

धनुष्य चादरीत गुंडाळून घरी आलं. त्यामागोमाग लायब्ररीतून धनुर्विद्येवरचं इंग्रजी पुस्तकही आलं. हेरंबरावांनी रात्रभर बसून त्यातले चौदा नियम वहीत उतरवले. बाई स्वयंपाकघरात आहेत असं बघून, दार लावून, त्यांनी स्वतः एकदा दोरी ओढायचाही प्रयत्न केला. दोरी चार बोटं मागे आली, सुटली आणि थेट नाकावर बसली. गुरूनं हातात शस्त्र घेतलंच पाहिजे असं काही नाही, असा त्यांनी मनाशी निर्णय घेतला. बाईंनी मात्र ते धनुष्य पहिल्याच दिवशी कानापर्यंत ओढलं. एकोणीस वर्षं दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन त्या तीन जिने चढत होत्या.

गच्ची वापरायला नानांची परवानगी लागे. नाना म्हणजे वाडीतले सगळ्यात जुने गृहस्थ. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात आठ दिवस तुरुंगात जाऊन आलेले आणि आता राज्यस्थापनेच्या उत्सव समितीचे अध्यक्ष.

"बायकांनी शस्त्र धरलंच पाहिजे!" नाना म्हणाले. "फक्त राधाबाईंच्या पापडांना सांभाळा. त्यांच्यापुढे माझं अध्यक्षपद चालत नाही."

तर असा तो तीस एप्रिलचा शनिवार उजाडला. दुसऱ्या दिवशी एक मे, महाराष्ट्राचा पहिला दिवस. वाडीत सकाळपासून पताका लागत होत्या, आणि गल्लीच्या तोंडाशी धैर्यवानांच्या गच्चीपासून समोरच्या माडीच्या गच्चीपर्यंत सोळा वार कापडाचा फलक झळकत होता: 'महाराष्ट्र राज्य चिरायू होवो'. तो रंगवला होता करी रोडच्या सीतारामनं. सीताराम गिरणीत कामाला होता आणि चार वर्षं त्यानं पोलिसांचा डोळा चुकवून भिंतींवर घोषणा लिहिल्या होत्या. "पयल्यांदाच उजेडात बसून लिवलंय, नाना," असं तो सकाळी म्हणाला, तेव्हा नानांनी नुसती त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

शनिवारचा अर्धा दिवस भरून हेरंबराव घरी आले आणि चार वाजता शिक्षण सुरू झालं. गेरूनं वर्तुळं काढलेली जुनी गादी त्यांनी गल्लीकडच्या कठड्याला टेकवून ठेवली. नियम तिसरा: ऊन डोळ्यांवर येऊ नये.

"अहो, पलीकडे रस्ता आहे," बाई म्हणाल्या.

"तू गादीकडे बघ. रस्त्याकडे बघू नको."

पापड राखायला बसलेल्या शेजारच्या राधाबाई हातातलं क्रोशाचं विणकाम न थांबवता म्हणाल्या, "पद्मजे, माझ्या पापडांकडेही बघू नको हो."

पहिला बाण गादीत घुसला. दुसरा घुसला. तिसरा तर मधल्या वर्तुळात. हेरंबरावांचा ऊर भरून आला. मात्र गुरूचं काहीच काम उरलेलं नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं. चौथ्या बाणाला बाईंनी दोरी ताणली, तेवढ्यात त्यांना नियम नववा आठवला.

"कोपर वर!" असं म्हणत त्यांनी ते स्वतःच वर केलं.

बाण गादीवरून, कठड्यावरून तिरका निघाला आणि फलकावरच्या 'महाराष्ट्र'मधल्या 'रा'च्या पोटात अर्धा घुसून लोंबकळत राहिला.

"अगं बाई!" राधाबाईंचा टाका चुकला.

"नानांना सांगूया," पद्मजाबाई म्हणाल्या.

"छे! कोणाला कळायचं नाही. पाच मिनिटांचं काम." हेरंबरावांनी बाह्या सरसावल्या. "ही गाठ जरा सैल करतो, कापड इकडे ओढून घेतो, बाण काढतो आणि परत बांधतो."

गाठ सुटली. सोळा वार कापड आणि समुद्रावरून येणारा संध्याकाळचा वारा यांची ताकद किती असते, याचा हेरंबरावांच्या चौदा नियमांत उल्लेख नव्हता. दोर तळहातांची सालं काढत सर्रकन निसटला. फलक शिडासारखा फुगला, गल्लीवर झेपावला आणि खाली माईकची जागा ठरवत उभ्या असलेल्या नानांना त्यानं समितीसकट आत घेतलं.

कापडाखाली झटापट झाली. मग चार वर्षांच्या सवयीनं नानांचा आवाज आला, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

"उद्या होतोय, नाना!" बाहेरून कोणीतरी ओरडलं.

अध्यक्षांना सोडवायला सीताराम धावला आणि त्यानं कापडाला असा काही हिसडा दिला, की समोरच्या गच्चीवरची गाठही सुटून दोर खाली आला. नाना बाहेर आले. त्यांच्या टोपीपासून वीतभर अंतरावर, 'रा'मधून, बाण उभा होता.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण समोरच्या माडीचे मालक दुपारीच दारांना कुलपं घालून सहकुटुंब केळव्याला गेले होते, आणि किल्ल्या त्यांच्या कनवटीला. शेजारचं घर बैठं कौलारू, तिथून फलक बांधला तर प्रभातफेरीच्या डोक्यांना लागणार. अग्निशमन दलाकडे शिडी मागायला माणूस धाडला, तो हात हलवत परत आला. शहरातल्या सगळ्या शिड्या रोषणाईला गेल्या होत्या. सीताराम पन्हाळीवरून चढतो म्हणाला. नाना म्हणाले, "पडलास तर तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू?"

हेरंबराव खाली आले तेव्हा नाना ओट्यावर बसले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त त्या बंद माडीकडे बघत होते.

"आठ दिवस आत होतो ना, तेव्हा रोज या फलकाचा विचार करायचो," ते हळूच म्हणाले. "कुठे लावायचा, अक्षरं केवढी काढायची."

हेरंबराव त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "नाना, चूक माझी," ते म्हणाले. "तिनं बाण बरोबर धरला होता. कोपर मी हलवलं. गाठही मीच सोडली."

एवढं धैर्य त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. नाना काही बोलणार, तोच वरून हाक आली.

"सीतारामभाऊ!" पद्मजाबाई कठड्याशी उभ्या होत्या. "त्या माडीच्या मागच्या बोळात नळाचा लोखंडी खांब आहे ना? तिथे दोर बांधला तर टिकेल?"

"टिकात की! पन दोर थंय जातलो कसो?"

"बाणाच्या शेपटीला बारीक दोरा बांधते. बाण माडीवरून पलीकडे बोळात टाकते. दोऱ्याला सुतळी बांधा, सुतळीला दोर, आणि ओढून घ्या."

सगळी वाडी वर बघू लागली. समोरच्या कठड्यावर सिमेंटचे दोन गोळे होते, मध्ये हातभर जागा. बाण त्या दोन गोळ्यांच्या मधून गेला तरच दोर एका जागी राहणार, नाहीतर वाऱ्याबरोबर घसरणार.

"दोरा कुठला?" हेरंबरावांनी खालून विचारलं. "सुतळी जड होईल!"

वर राधाबाईंनी हातातल्या विणकामाकडे पाहिलं. नातीच्या लग्नासाठीचा टेबलक्लॉथ पाऊण झाला होता. त्यांनी एक निःश्वास सोडला, कात्रीनं धागा कापला आणि क्रोशाचं अख्खं रीळ पुढे केलं. "घे, पद्मजे. आणि नीट मार गं."

बाईंनी पितळेची परात मागवली आणि दोरा अडकू नये म्हणून तिच्यात सैल वेटोळी घालून ठेवली. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एव्हाना हेरंबराव तीन जिने धापा टाकत चढून वर आले होते.

"हे बघ, वारा डावीकडून आहे. श्वास अर्धा सोडायचा आणि—"

"अहो," बाई मऊ आवाजात म्हणाल्या, "तुम्ही जरा मागच्या बोळात जाता का? बाण धरायला माझ्या विश्वासाचं माणूस पाहिजे."

आपल्याला गच्चीवरून घालवण्यात आलं आहे, हे हेरंबरावांना दुसऱ्या जिन्यावर कळलं. पण तोवर त्यांची छाती पुढे आली होती.

मागचा बोळ अरुंद होता. डोक्यावर आकाशाची एक पट्टी, बाजूला खांबाशी सीताराम. दोघं मान वर करून उभे राहिले. पुढच्या गल्लीतून लोकांचा आवाज येत होता. एकदा "अरेरे!" असा आवाज आला.

"बाण कमी पडलो," सीताराम म्हणाला.

मग "टक्" असं ऐकू आलं आणि पुन्हा "अरेरे!"

"गोळ्याक लागलो."

हेरंबरावांनी डोळे मिटले. आपली बायको तिकडे एकटी उभी आहे, सगळी वाडी बघते आहे, आणि हे सगळं आपल्या नवव्या नियमामुळे. त्यांच्या वहीतले चौदाही नियम त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून पुसले गेले. ते नुसतं पुटपुटले, "तुला वाटेल तसा मार. तुला वाटेल तसा."

पुढच्या गल्लीत एकदम सामसूम झाली. मग आकाशाच्या पट्टीत काहीतरी चमकलं, आणि 'खट्' करून बाण त्यांच्या चपलेपासून दोन पावलांवर, नळाखालच्या लाकडी पिंपाच्या झाकणात थरथरत उभा राहिला. त्याच्या मागे, कोळ्याच्या जाळ्याइतका बारीक, राधाबाईंचा पांढरा धागा थेट आभाळात गेला होता.

"वयनीन मारल्यान!" सीताराम ओरडला. हेरंबरावांनी सीतारामला मिठी मारली, त्याच्या शर्टावरचा अजून न सुकलेला तेलरंग स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला लावून घेतला आणि मग दोघांनी मिळून धागा ओढला, धाग्यामागून सुतळी ओढली, सुतळीमागून दोर. साडेसहाला फलक पुन्हा जागेवर चढला. 'रा'मधल्या भोकाला ठिगळ लावू का, असं सीतारामनं विचारलं.

"राहू दे," नाना डोळे पुसत म्हणाले. "वारा जायला वाट झाली. आता फाटायचा नाही."

रविवारी सकाळी प्रभातफेरी वाडीत आली. ढोल-लेझीम वाजली, पेढे वाटले गेले. भाषणाला उभे राहिल्यावर नानांनी वर बोट दाखवलं आणि हा फलक कोणी चढवला ते सांगितलं. पद्मजाबाईंनी पदर सावरला, हात जोडले. टाळ्या इतका वेळ वाजल्या, की नाना पुढचं भाषण विसरले. ते बरंच लांबलचक होतं असं समितीतल्या लोकांनी नंतर समाधानानं सांगितलं.

गर्दी पांगू लागली तेव्हा शेजारच्या वाडीतले एक सद्गृहस्थ हेरंबरावांच्या समोर येऊन उभे राहिले. हेरंबरावांना ते वीस वर्षं नावानिशी ओळखत होते. पण आज त्यांनी अदबीनं हात जोडले.

"पद्मजाबाईंचे मिस्टर आपणच ना? आमच्याकडे दोन माड्यांमध्ये दिव्यांची माळ टाकायची आहे हो. मध्ये एक बंद वखार आहे. बाईंना कधी सवड होईल?"

हेरंबरावांनी खिशातून डायरी काढली, पानं उलटली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"मंगळवारी संध्याकाळी साडेपाच," ते म्हणाले. "वारा असला तर बुधवारी. आणि बघायला यायचं तर खुशाल या, पण एक सांगून ठेवतो. बाई नेम धरत असताना कोणी बोलायचं नाही."