पाहुण्यांच्या बाजूचा माणूस

सर्जेराव चौगुले दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधतात. एकावर भरवसा नाही म्हणून दुसरं. दोन्ही एकच वेळ दाखवू लागली की मात्र ते जास्त अस्वस्थ होतात. "एवढं जुळतंय म्हंजे कुणीतरी हात लावलाय, मास्तर," असं म्हणून ते माझ्या मोबाइलमधली वेळ बघतात, आणि तीही तीच निघाली की माझ्याकडे संशयानं बघतात.

मी मास्तर नाही. शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात मी खरेदी विभागाची पत्रं लिहितो आणि जेवणाच्या सुट्टीत पुस्तक वाचतो. तेवढ्यावर त्यांनी मला मास्तर करून टाकलं. सर्जेराव त्याच कारखान्यात माल तपासतात. पेटी उघडण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारतात, खिळे मोजतात, मग लाकडाला कान लावतात.

"काय ऐकू येतंय?" मी एकदा विचारलं.

"अजून काय न्हाई. पण लईच गप बसलीय. हे बरं लक्षण न्हवं."

त्यांची सही झालेला माल मात्र आजवर कधी परत गेलेला नाही.

ते कोल्हापूरचे. तिथे पेठापेठांच्या फुटबॉलपायी सख्खे भाऊ महिना महिना अबोला धरतात, असं ते अभिमानानं सांगतात. पण मोठ्या स्पर्धा ते टीव्हीवरसुद्धा बघत नाहीत. "त्यांचं आधीच ठरल्यालं असतंय. जिथं कुत्रं बघाय येत न्हाई, तिथं कोण कुणाला फसवणार? खरा खेळ तिथंच."

असा खरा खेळ त्यांना बेल्जियममध्ये सापडला. आमची यंत्रं तिथल्या एका लहान गावातून येतात. ती रवाना होण्याआधी तपासायला सर्जेराव दरवर्षी जातात, आणि रविवारी आसपासच्या एखाद्या खालच्या विभागातल्या संघाचा सामना बघतात. त्यांचा संघ ठरलेला नाही. जो बाहेरगावाहून आला असेल तो त्यांचा. "घरच्यांना गाव हाय, बायकापोरं हायत, रेफ्रीबी हाय. पाव्हण्यांना कोण?"

या वर्षी कागदपत्रं सांभाळायला त्यांनी साहेबांना माझं नाव सुचवलं. माझी बायको सुधा जाऊन सात महिने झाले होते. ऑफिसात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत. एकटे सर्जेराव पूर्वीसारखेच ओरडून बोलत. मला कुठेच जायचं नव्हतं. "बाबा, जस्ट गो," दुबईच्या मरीनात राहणारी माझी मुलगी फोनवर म्हणाली, आणि मी निघालो.

विमानात मला पहिली शंका आली. कागद तर ईमेलनं जातात. मग मी कशाला? सर्जेराव एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत होते आणि मी मान वळवली की पान झाकत होते. सुधा गेल्यापासून माझ्या पत्रांत दोन मोठ्या चुका झाल्या होत्या. एकदा तर चुकीच्या देशाला ऑर्डर गेली होती. साहेब मला काही बोलले नव्हते. आता वाटलं, हा माणूस कामाचा राहिलाय का ते बघून या, असं त्यांनी सर्जेरावांना सांगितलं असणार. आयुष्यभर माल तपासणाऱ्याला माणूस तपासणं काय अवघड? नोकरी गेली की व्हिसा गेला. पुण्याच्या बंद घरात एकटं बसायचं, एवढंच मग उरणार होतं.

रविवारी दुपारी आम्ही मैदानावर पोचलो. मैदान म्हणजे एका बाजूला पत्र्याखाली चार पायऱ्या, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा आणि कठड्यापलीकडे गायी. दारातल्या बाईंनी रोलमधून दोन तिकिटं फाडून दिली.

"अठ्ठ्याऐंशी आणि नव्वद," सर्जेराव म्हणाले. "एकोणनव्वद कुठाय? इचारा त्यास्नी."

मी विचारलं नाही.

पाहुण्या संघाबरोबर आठ माणसं आली होती. आम्ही त्यांच्यात जाऊन पायरीवर बसलो. सामना सुरू झाला आणि सर्जेरावांचा घसा सुटला. "आरं सोड की बॉल! चिटकलाय काय पायाला? ओ रेफ्री, सासरवाडी हाय काय तुमची हितं?" आठही जण वळून बघत राहिले. मधे मधे सर्जेराव एका घड्याळाकडे बघत, मग दुसऱ्याकडे, मग वही काढून लिहीत. मी वाकून बघायचा प्रयत्न केला. त्यांनी कोपर आडवं केलं.

मध्यंतराला यजमान क्लबचे चिटणीस आले. बरोबर पिवळं जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस. चिटणिसांचं इंग्रजी सावकाश आणि सभ्य होतं. लहान सामन्यांना हल्ली सट्टेवाल्यांची माणसं येतात, ते म्हणाले, आणि मिनिटामिनिटाची खबर बाहेर पाठवतात. तुम्हाला इथे कुणी ओळखत नाही. तुमच्या मित्राच्या हातांवर दोन घड्याळं आहेत. प्रत्येक कॉर्नरला ते काहीतरी लिहितात, तेही गुप्त लिपीत. वही दाखवा, नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल.

आमचा व्हिसा कंपनीच्या पत्रावर होता. पोलिसांचा पहिला फोन शारजाला गेला असता.

"वही द्या, सर्जेराव."

"न्हाई."

"अहो, पोलीस येतील."

"येऊ द्यात." त्यांच्यावर आजवर कुणी संशय घेतला नव्हता. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुरुंगात जातो. पण वही न्हाई."

वहीत साहेबांसाठी माझाच अहवाल आहे, अशी तेव्हा माझी खात्रीच झाली. मी हात पुढे करून तसाच उभा राहिलो. शेवटी त्यांनी वही माझ्या हातात ठेवली आणि गायींकडे तोंड करून उभे राहिले.

"आजचं पान वाचा," चिटणीस म्हणाले. मी एकेक ओळ बघत तिचं इंग्रजी करून सांगू लागलो.

"मिनिट ९. कॉर्नर. मास्तरांचं ध्यान न्हाई. मिनिट १४. चिप्स घेऊन दिल्या. तीन खाल्ल्या. मिनिट २२. पाव्हण्यांचा गोल. मास्तर उठले न्हाईत. मिनिट ३१. रेफ्री घसरून पडला. मास्तर हसले. खरं वाटलं. पुन्हा तपासणे."

"हे मास्तर कोण? खेळाडू?" चिटणिसांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो.

त्यांचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी स्वतः पानं मागे उलटली आणि जिथे बोट ठेवलं ते मी वाचत गेलो. विमान. जेवण तसंच परत. झोप न्हाई. त्याआधी कँटीन, सोमवार, डबा उघडला न्हाई. मंगळवार, अर्धी पोळी. बोट पहिल्या पानावर आलं. तिथे सात महिन्यांपूर्वीची तारीख होती आणि खाली दोन ओळी: "वहिनी गेल्या. मास्तरांशी काय बोलावं कळत न्हाई. लक्ष ठेवणे."

याचं इंग्रजी करायला मला वेळ लागला. पिवळ्या जाकीटवाल्यानं मान खाली घातली. चिटणिसांनी वही मिटली आणि गायींच्या दिशेनं चालत जाऊन सर्जेरावांच्या हातात दिली. थोड्या वेळानं आमच्यासाठी दोन वाट्या गरम सूप आलं.

"सायबाला दाखवाय न्हवतं ते," सर्जेराव सुपाकडे बघत म्हणाले.

"मला ठाऊक आहे," मी म्हणालो. हे मला जेमतेम पाच मिनिटांपूर्वी ठाऊक झालं होतं.

सामना पुन्हा सुरू झाला. सर्जेराव ओरडेनात. वहीही खिशातून निघाली नाही. मैदानावरची नजर न हलवता ते म्हणाले, "वहिनींना फुटबॉल आवडायचा काय?"

"छे. तिला खेळातलं काही कळायचं नाही."

"मग काय आवडायचं?"

आजवर हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागलो. आधी अडखळत, मग सलग. पलीकडे कुणी गोल केला, कुणी खाल्ला, आम्हा दोघांनाही कळलं नाही. लोक उठून निघाले तेव्हा सामना संपल्याचं लक्षात आलं.

फाटकाबाहेर एक म्हातारा सायकलला टांग मारत होता. सर्जेरावांनी त्याला खुणेनं निकाल विचारला. त्यानं बोटांनी दाखवला, आणि सर्जेरावांनी तो मुकाट मान्य केला.