काचेआडचं गाऱ्हाणं

"भास्करना भेटायला कृपया कोणीही येऊ नये," असा मेसेज त्याच्या बायकोने, हेमाने भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि तिथेच घोळ झाला.

भास्करला रक्ताचा कॅन्सर होता. मुंबईला बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. धाकट्या बहिणीच्या पेशींनी त्याच्या हाडांत नुकतं बिऱ्हाड थाटलं होतं. त्यांचा संसार मार्गी लागेपर्यंत अंगात प्रतिकारशक्ती म्हणून नाहीच. मध्ये फुप्फुसात बुरशी शिरली तेव्हा वीस दिवस यमाशी झोंबी चालली होती. म्हणून शंभर दिवस माणसं बंद, फुलं बंद, कच्चं खाणं बंद. ताप आला की थेट मुंबई. आज बासष्टावा दिवस.

पण आजाऱ्याला बघायला न जाणं म्हणजे आपल्याकडे केवढं पाप! त्यात 'येऊ नये'! "म्हंजे शेवटचंच असणार," असा अर्थ देवरूखात निघाला, सावर्ड्यापर्यंत पोचला, आणि सकाळी दहाला रत्नागिरीच्या घरापुढे दोन गाड्या भरून भावकी उतरली.

सगळ्यांत पुढे हरिश्चंद्रकाका. एका हातात नारळ, दुसऱ्यात झेंडूचा हार आणि छातीत दणदणीत खोकला.

हेमा फाटकाला पाठ लावून उभी राहिली. "काका, मी आत नाय सोडायची. इन्फेक्शन होतं."

"अगो, ते परक्यांकडून! आपल्या माणसांच्या खोकल्यानं काय होतंय?" म्हणत काका खोकले.

"अंगारा तरी लावते गो त्याच्या कपाळाला," सोनूबाईआत्या पुडी सोडता सोडता शिंकल्या. अंगारा हेमाच्या साडीवर सांडला.

मागून रेटा आला. फाटकाची कडी निसटली. हेमाचा आवाज फुटला, "चार महिने त्यांना जीव लावून जपलंय मी! एक पाऊल पुढे टाकलंत तर माझ्यासारखी वाईट कोण नाय!"

"सून फार बदलली हो," आत्या म्हणाल्या, आणि भावकी चार पावलं पुढे सरकली.

हे सगळं भास्कर माडीवरच्या बंद खिडकीच्या काचेतून बघत होता. डोक्यावर केस नाहीत, तोंडावर मास्क, अंगावर नुसती हाडं. पण शिमग्यात पालखीपुढे गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान वीस वर्षं त्याचा होता, आणि आजाराने वजन नेलं तरी आवाज नेला नव्हता. त्याने काचेवर थाप मारली.

"बा देवा म्हाराजा!"

अंगणात चपला निघाल्या, हात जुळले.

"ही माझी भावकी लांबून मायेनं आलीय!"

"व्हय म्हाराजा!"

"ती माया मला पोचली, असं समज!"

"व्हय म्हाराजा!"

"आता खोकला, शिंका, हार नि नारळ घेऊन ती आल्या पावली मागं फिरूंदे, आणि अडतीस दिवस या फाटकाला कोणाचा हात लागू नको देऊ!"

"व्हय म्हाराजा!" काकांचाच आवाज सगळ्यांत मोठा.

मग काकांचा आ तसाच राहिला. देवासमोर दिलेला होकार मोडायचा कोणी? "फसवलंन रे मेल्यानं!"

"मेलो नाय काका, तेच सांगतोय!" काचेआडून उत्तर आलं.

गाड्या वळल्या. हेमा पदराने डोळे पुसत कितीतरी दिवसांनी खळखळून हसत होती. तेवढ्यात वरून पुन्हा आवाज आला.

"आणि म्हाराजा, रोजची ती दुधीची भाजी या घरातून कायमची जाऊंदे!"

"व्हय म्हाराजा!" हेमा बोलून गेली आणि तिने कपाळावर हात मारला.

दुपारी थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव होतं, आणि ताटात पडवळ.