ज्याले काल आलं, त्यानं आज शिकवाचं

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे प्रफुल्ल गजभिये कुणाला 'कसे आहात' असं विचारत नाहीत. जिन्यात भेटले की बुटाची नाडी सोडता सोडता म्हणतात, "काकू, या हप्त्यात काय चुकलं जी?"

पहिल्यांदा मला रागच आला. पस्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय, स्वतःच्या सांगायची नाही. पण हे गृहस्थ उत्तर घेतल्याशिवाय पायरी चढेनात. शेवटी मी कबूल केलं की टोरांटोची वेळ चुकीची मोजली आणि तिथं शिकणाऱ्या माझ्या नातवाचा, निषादचा, फोन भर वर्गात वाजला. त्यांना केवढा आनंद झाला. "बेस चुकल्या," ते म्हणाले. "आता हे सांगा, काहून चुकल्या?" जिन्यातच उभं राहून आम्ही शोधून काढलं की तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं पुढंमागं करतात, हे मी धरलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या कॅलेंडरवर त्या दोन तारखांभोवती त्यांनी लाल गोल काढून दिले.

आर्या, बुधवारी आजीशी फोनवर बोलताना मागं गलका ऐकू येतो, ती माणसं कोण, असं तू विचारलंस. ती या गजभियांची मंडळी.

गजभिये सेहेचाळीस वर्षांचे. एकटे राहतात. वर्धा रोडवरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत. कंपनीतल्या इंजिनिअरांनी एकमेकांना शिकवावं, हा त्यांचा ध्यास. "कोणतंही काम कमीत कमी दोघांले आलं पाहिजे," हे वाक्य ते दूधवाल्यालाही ऐकवतात. त्याने ते मनावर घेतलं. हल्ली रविवारी त्याची बायको मोटारसायकलवरून दूध घालते.

ऑफिसात मात्र दूधवाल्याइतकं कुणी ऐकलं नाही. गजभियांनी दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एकत्र शिकायचं ठरवलं. पहिल्या बुधवारी बावीस जण आले, कारण आलूबोंडे होते. दुसऱ्या बुधवारी नऊ. तिसऱ्या बुधवारी दोन, आणि त्यातला एक चार्जर शोधत आला होता.

त्या संध्याकाळी ते जिन्यात गप्प उभे होते, म्हणून मीच विचारलं, "काय चुकलं?"

ते पायरीवर बसले. "काकू, ऑफिसात 'मले येत नाही' असं कोणी म्हणत नाही. आणि मी वरून शिकवून राहिलो होतो. मले हे सारं शिकून पंधरा वर्षं झाले. समोरचा कुठं अडते, तेच मी विसरलो."

मग त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. त्यांच्या वस्तीत विहाराच्या ओट्यावर संध्याकाळी अभ्यास चाले. मास्तर कुणीच नसे. सातवीतला सहावीतल्याला शिकवी, सहावीतला पाचवीतल्याला. "ज्याले काल आलं, त्यानं आज शिकवाचं. त्याले ठेच कुठं लागली ते ताजं आठवते." एवढं बोलून ते माझ्या व्हरांड्याकडे बघू लागले.

मी व्हरांडा दिला. अटी घातल्या: चपला एका रांगेत, बुधवारी संध्याकाळी सात ते साडेआठ, आणि हजेरी मी घेणार.

त्यांच्या ऑफिसातले सात जण यायला लागले. आल्यावर प्रत्येकाने आठवड्यातली एक चूक सांगायची. मग जो नुकताच काही शिकला असेल तो शिकवणार. ज्याला ते आधीपासून येतं, त्याने संत्र्याची गोळी तोंडात धरायची आणि ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही. रोशन नावाचा एक हुशार आणि बोलका मुलगा आहे. त्याने दुसऱ्याच बुधवारी कडाकडा आवाज केला.

"सर, यानं गोळी चावली," प्राजक्ता म्हणाली.

"काय गा रोशन, दाताचा डॉक्टर घरीच ठेवला का तू?"

"सर, ती चुकीचं सांगून राहिली ना."

"सांगू दे. तुले थांबता येते का, तेही शिक."

ही प्राजक्ता शहराबाहेर वाडी या उपनगरात भाड्याच्या खोलीत राहते. पहिले तीन बुधवार ती कोपऱ्यात नुसती बसली. चौथ्या बुधवारी एका दमात म्हणाली की सहा महिने ती एका प्रोग्रामचा अर्थ कळल्यासारखी मान हलवते आहे, आणि तिला तो अजिबात कळलेला नाही. मग रोशन म्हणाला, "मलेपण नाही." मग बाकीचे पाच.

तो प्रोग्राम गजभियांचाच होता. वाडीच्या गोदामांत कोणता ट्रक कोणत्या दाराला लागायचा, ते तो ठरवतो. बारा वर्षं तो फक्त गजभियांना समजत होता. बिघडला की फोन त्यांनाच. त्या बारा वर्षांत त्यांनी सलग चार दिवस रजा घेतलेली नव्हती.

वर्षभर सगळ्यांनी तोच प्रोग्राम शिकायला घेतला. गजभियांना एका बैठकीला तीन तीन गोळ्या लागत. त्यांचे साहेब त्यांना म्हणाले होते, "गजभिये, स्वतःची खुर्ची स्वतःच वाटून टाकताय. मग तुमची गरज काय?" हे मला त्यांनी हसत सांगितलं, पण दोनदा सांगितलं. शेवटी साहेबांनी अट घातली: गजभियांनी आठ दिवस रजेवर जायचं. त्यांच्यावाचून काम निभलं, तर बुधवारचा तास ऑफिसच्या वेळेत आणि कायमचा. नाही निभलं, तर हा उद्योग बंद.

रजा सुरू झाली आणि गजभिये कुठंच गेले नाहीत. सोमवारी त्यांनी माझ्या कुंड्यांची माती बदलली. मंगळवारी, गरज नसताना, पुन्हा बदलली.

बुधवारी सव्वासातला प्राजक्ताचा फोन वाजला. प्रोग्राम अडला होता. गोदामाबाहेर ट्रकांची रांग लागली होती आणि अमरावती रोडवर हॉर्न वाजत होते. सातही जण व्हरांड्यातल्या एका लॅपटॉपभोवती गोळा झाले. गजभिये वरून अर्धा जिना उतरले आणि कठडा धरून उभे राहिले. मुलं भलत्याच दिशेला चालली आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मलासुद्धा कळत होतं.

"सांगा ना मग," मी हळूच म्हटलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मी सांगितलं तर झालंच, काकू. उद्यापासून पुन्हा मीच."

वीस मिनिटं गेली, अर्धा तास गेला. रोशनचा आवाज चढला. प्राजक्ता म्हणाली, "थांब गा. आज ट्रक किती आले?" फोनवरून आकडा आला: शंभर. मग तिने सुरुवातीपासून एकेक ओळ मोठ्यानं वाचायला घेतली. एका दिवसात नव्याण्णवच्या वर ट्रक येणार नाहीत, असं गृहीत धरून कुणीतरी तात्पुरतं काम उरकलेलं सापडलं. त्याच्या वर, इंजिनिअर लोक स्वतःसाठी लिहून ठेवतात तशी, एक नोंद होती. प्राजक्ताने तीही वाचली.

"आज एवढंच. आई बोलावते. सोमवारी येऊन नीट करतो."

खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती.

सगळ्यांनी जिन्याकडे पाहिलं. प्राजक्ताने विचारलं, "सर, गेलते का तुमी?"

"निघालो होतो," गजभिये म्हणाले. "बसस्टँडवर फोन आला. दुसरंच काही बंद पडलं होतं, आन् ते दुसऱ्या कोणाले येत नव्हतं. वापस आलो. रविवारी ती गेली." एक पायरी खाली येऊन ते म्हणाले, "मंग हे नीट कराचं राहूनच गेलं."

मुलांनी काम पुरं केलं. सव्वाआठला वाडीहून निरोप आला की ट्रक हलले.

"सर, ही नोंद पुसू का?" प्राजक्ताने विचारलं.

"ते तुमी ठरवा वं. प्रोग्राम तुमचा आहे आता."

तिने रोशनकडे पाहिलं. नोंद तशीच ठेवली आणि खाली एक ओळ लिहिली: 'नीट केलं. आम्ही सातजण.' मग लॅपटॉप गजभियांकडे वळवला.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि ती ओळ पुन्हा वाचली. मुलं गेल्यावर ते पायरीवर बसले. मी हजेरीची वही मिटली.

"काकू," ते म्हणाले, "ब्रह्मपुरीले बहीण आहे माही. आईचं घर तिच्याकडेच आहे. सकाळची पयली बस किती वाजता असते जी?"