सूर्यभानची पिकअप आणि भंडाऱ्याचं वरण

या मंडळी, असे पुढे सरकून बसा. पखवाजाला कणीक लागून तो सुरात येईपर्यंत थोडा अवकाश आहे, तेवढ्यात सूर्यभानची गोष्ट ऐका. गोष्ट पाण्याची आहे. ऐकून संपेपर्यंत तुम्हाला तहान लागेल, एवढं मात्र वचन.

मूर्तिजापूरच्या पलीकडे बारा किलोमीटरवर सूर्यभानचं गाव. सगळा खारपाणपट्टा. जमीन काळी, माणसं गोड आणि बोअरचं पाणी खारं. ते पाणी भांडी घासायला चालतं, म्हशीला चालतं, आणि पाहुणा लवकर उठावा असं वाटत असेल तर चहालाही चालतं. पण त्यात तुरीची डाळ घालून पाहा! दिवसभर जाळ घातला तरी डाळ आपली आंघोळ करून बाहेर येते, जशी गेली तशीच. म्हणून तिथे गोड पाण्याला तुपाचा मान. नळ आठ दिवसांनी, आणि तोही आला तर.

यंदा हनुमान जयंती बारा एप्रिलला आली, म्हणजे ती आणि चौदा एप्रिल यांच्यामध्ये एकच दिवस उरला. या दोन दिवसांचा गावात एक अलिखित करार आहे. मारोतीच्या भंडाऱ्याला तुरीची डाळ द्यायची देवमनने, आपल्या शेतातली, घरी भरडलेली. आणि चौदा तारखेच्या मिरवणुकीला पिकअप द्यायची सूर्यभानने. देवमन त्याच्या समोरच्याच गल्लीत राहतो. घरी तो आणि त्याची बायको जाईबाई. देवमन बोलतो कमी, आणि त्याच्या वाटणीचं जाईबाई बोलते.

भंडाऱ्याच्या गोड पाण्याची सेवा यंदा सूर्यभानकडे होती. त्याने ती मोठ्या प्रेमाने मागून घेतली होती. कीर्तनाचा एवढा वेडा माणूस, की नांगरताना बैलांनाही चाल लावून हाका मारायचा. आदल्या दिवशी मूर्तिजापूरहून वीस-वीस लिटरच्या सहा कॅना त्याने भरून आणल्या आणि ओट्यावर मांडल्या. पण येताना पिकअपचा तापमानाचा काटा दोनदा लालीत गेला आणि बॉनेटमधून वाफ निघाली.

"चौदा तारखेले मिरवणुकीत माणसाच्या चालीनं चालवा लागन," तो सुभद्रेला म्हणाला. "बाराच किलोमीटरमंदी हे हाल. मिरवणुकीत उकळली तं देवमनदादाले तोंड कसं दाखवू?"

"मंग किशोर मिस्त्रीले दाखवा ना गाडी," सुभद्रा म्हणाली.

"किशोर काय करते? त्यानं सांगतलंच हाय, तीन सालं बोअरचं पानी टाकलं म्हून आत क्षार जमला. धुवायचं, गोड पानी आन कूलंट भरायचं, झालं. घरीच करतो."

नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात असलेल्या मुलाने, कुलदीपने, मोबाइलवर एक व्हिडिओही पाठवून दिला. वर फोन करून बजावलं, "बाबा, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. मधात सोडू नका."

जयंतीच्या सकाळी जन्म झाला, सुंठवडा झाला आणि सुभद्रा रोडग्यांची कणीक मळायला देवळात गेली. सूर्यभानने गार इंजिनाचं झाकण उघडलं आणि रेडिएटरच्या पोटाखालची प्लॅस्टिकची टोटी सोडली. खालून चहा आला. म्हणजे रंगाने चहा. वास गंजक्या पत्र्याचा.

आता धुवायला पाणी हवं, आणि तेही गोड. घरच्या माठात दोन तांबे. सूर्यभानची नजर ओट्याकडे गेली. त्याने हात जोडले. "मारोतीराया, एकच कॅन घेतो. नऊ वाजले. दहाले गाडी तयार, अकराले मूर्तिजापूरहून भरून वापस. महादेवराव आचारी बाराशिवाय चूल पेटवत नाई."

हिशेबात काही चूक नव्हती. पहिली कॅन ओतली. चहा जरा पातळ झाला. दुसरी ओतली. आता खालून ताकासारखं पांढुरकं येऊ लागलं, क्षाराचे खडे टपटप पडू लागले. सूर्यभानला त्यात कीर्तन दिसायला लागलं. जन्मोजन्मीचा मळ सुटतोय, आता मध्येच कसं थांबायचं? तिसरी, चौथी. नाहीतरी रिकाम्या न्यायच्याच आहेत, तर चार काय नि सहा काय! पाचवीला पाणी निवळलं. सहावी त्याने नुसती आनंदाने ओतली. खालून झऱ्यासारखं निर्मळ पाणी आलं आणि अंगणातल्या कोंबड्यांनी ते पिऊन माना वर केल्या.

"रामकृष्ण हरी!" सूर्यभान म्हणाला आणि टोटी आवळायला बसला. भाव दाटून आला की माणूस थोडं जास्त आवळतो. टोटी कट्‌कन तुटली आणि अर्धी हातात आली.

त्याने कापड कोंबलं, साबण कोंबला, सायकलची ट्यूब गुंडाळली. पाणी घातलं की ते शांतपणे खाली. किशोरला फोन लावला.

"काका, मी लग्नाले अकोल्यात हावो, जठारपेठेत," किशोर म्हणाला. मागे बँड वाजत होता. "टोटी उद्या घेऊन येतो. पन तुमी एवढं जोरानं काहून आवयलं?"

गाडी गेली, पाणी गेलं आणि सव्वाअकराला देवळातून हातगाडी घेऊन दोन माणसं दारात. "सूर्यभानभाऊ, महादेवराव पानी मांगून राहिले."

खरं सांगायची वेळ तीच होती. पण सप्ताहाचे सातही दिवस कीर्तनात पहिल्या रांगेत बसून टाळ वाजवलेला माणूस, मारोतीचं पाणी गाडीला पाजलं हे कोणत्या तोंडाने सांगणार? "दहा मिंटं थांबा, भरूनच ठेवतो," म्हणून तो कॅना घेऊन मागे गेला आणि बोअरचं बटण दाबलं. मोठ्या चुलीवर सगळंच शिजतं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. लहानपणापासून त्या गावात राहून ही समजूत घालायला केवढं बळ लागलं असेल, ते तोच जाणे.

बाराला डाळ चढली. दोनला महादेवराव आचाऱ्याने दाणा चेपून पाहिला; तो बोटातून निसटून गोळीसारखा उडाला. अडीचला सोडा पडला. साडेतीनला चार माणसं चुलीभोवती जमली. पाचला कीर्तन, दिवेलागणीला पंगत, चारशे पानं. रोडगे गोवऱ्यांत फुलत होते, वांग्याची भाजी तयार होती, आणि वरणाच्या नावाने कढईत डाळ कडकड वाजत होती.

"पानी तं गोड हाय," महादेवराव घाम पुसत म्हणाले, "सूर्यभाननं सोता आनलं. मंग डायच खोटी. देवमननं जुनी डाय देली."

"परसालची असन," एकजण म्हणाला.

"देवाच्या कामात असं करा नाई लागे," दुसरा म्हणाला.

सूर्यभान खांबाआड उभा होता. पाणी खोटं निघालं असतं तर त्याची फजिती झाली असती, ती त्याने कशीतरी गिळली असती. पण आता देवमनच्या डाळीचं नाव जात होतं, आणि गावात एकदा डाळीचं नाव गेलं की माणसाचंही मागोमाग जातं.

बातमी गल्लीत पोचायला किती वेळ? जाईबाई पदर खोचून आली, मागून देवमन.

"कोन म्हनते माही डाय जुनी? औंदाच्या तुरीची हाय! मी सोता जात्यावर भरडली, हे पाहा घट्टे!" तिने दोन्ही हात महादेवरावांच्या नाकापुढे धरले.

"बाई, हात पाहून डाय शिजत नाई," महादेवराव म्हणाले.

"तुमाले पाहून बी शिजत नाई, हे दिसून राहिलं!"

लोक हसले. देवमन मात्र हसला नाही. त्याने कढईत पाहिलं, मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "राहू दे जाई. असन माहीच चूक. एखांद्या पोत्यात जुनी मिसळली असन. घरी खायाची ठेवली थे आनतो. कार्यक्रम नासाले नोको."

बुवांच्या सात दिवसांच्या निरूपणाने जे झालं नव्हतं, ते त्या खाली घातलेल्या मानेने झालं. सूर्यभान खांबाआडून बाहेर आला.

"डाय खरी हाय," तो म्हणाला. "पानी खोटं हाय. बोअरचं हाय. गोड पानी मी गाडी धुवाले लावलं."

"किती?" महादेवरावांनी विचारलं.

"सगयं."

कणकेच्या परातीमागून सुभद्रा उठली. "सहा कॅना? अवो, गाडी धुतली का गाडीचं बारसं केलं?"

महादेवरावांनी झारा खाली ठेवला. "आता काय? मूर्तिजापूरले जाऊन येवाले गाडी?"

"तिचीच टोटी तुटली," सूर्यभान म्हणाला.

तेव्हा सगळे जाईबाईकडे पाहू लागले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, की चौदा तारखेच्या खिरीसाठी बायांनी महिनाभर घागर-घागर साठवून विहारातला मोठा ड्रम भरून ठेवला आहे. मागायची हिंमत कोणाची होईना. जाईबाईने कढईकडे पाहिलं, सूर्यभानकडे पाहिलं.

"डाय माही हाय," ती म्हणाली. "कच्ची कशी राहू देऊ? चला, उठा. आना भांडे."

विहारापासून मारोतीच्या पारापर्यंत माणसांची रांग लागली. एप्रिलच्या उन्हात घागरी, गुंड, बादल्या हातोहात सरकू लागल्या. ड्रमापाशी जाईबाई तांब्या घेऊन उभी, आणि रांगेत पहिला सूर्यभान. त्याने बादली पुढे केली.

"बादली मंग," जाईबाई म्हणाली. "अगुदर ओंजय धर."

"काहून मावशी?"

"माही आजेसासू तुमच्या त्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन उनात उभी राहे. कोनी वरून वाढलं तं पानी, नाई तं वापस. आज मी वाढतो. धर ओंजय."

"जाई!" देवमन म्हणाला.

पण सूर्यभानने ओंजळ धरली. तो वाकून प्यायला, घटाघटा, सकाळपासून पहिल्यांदा.

"गोड हाय?"

"साखरेवानी हाय, मावशी," तो म्हणाला आणि त्याचे डोळे वाहू लागले.

"अबे, रडू नोको," जाईबाई म्हणाली. "खारं पानी आज लय झालं."

रांग हसली ती पारापर्यंत हसत गेली. मागच्यांना कारण कळलं नाही, तरी तेही हसले. डाळ दोनदा धुतली, गोड पाण्यात चढवली आणि कीर्तन संपता संपता ती अशी मऊ झाली की महादेवरावांनी रवी फिरवायच्या आतच ती एकजीव. बुवांनी दोनदा वरण मागून घेतलं. सूर्यभानने पंगतीत शेवटचं पान घेतलं आणि पहिला घास तोंडात ठेवण्याआधी कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किशोरने टोटी बसवली. "काका, आत एकदम चकाचक धुतलं तुमी. आता आठ लिटर गोड पानी आना, कूलंट मिसळून टाकतो."

गाडीत पाणी पडलं तर मूर्तिजापूर, मूर्तिजापूर झालं तर विहाराचा ड्रम, आणि ड्रम भरला तर उद्याची खीर. सूर्यभान कळशी घेऊन निघाला. पण अख्ख्या गावात त्याला कोणी तांब्याभर पाणी देईना. "प्याले पायजे तं बस, पे. रेडिएटरले? नाई रे बाप्पा!" पुढे पुढे तर कळशी पाहून लोक दार लोटू लागले. घरी आला, तर सुभद्रा माठावर परात ठेवून तिच्यावर हात टेकून बसली होती. "मले पाहू बी नका," ती म्हणाली.

तो पिकअपपाशी परतला तेव्हा बॉनेट उघडंच होतं. जाईबाई आपल्या घरातला शेवटचा गुंड कमरेवर घेऊन पायरीवर चढली होती. किशोरने कूलंटचा डबा पुढे केला. तिने धार धरली, बारीक, एक थेंब बाहेर न सांडता.

"मावशी, माह्या हाती देलं असतं तं…" सूर्यभान पुटपुटला.

"तुया हाती देऊ? अन् तू पुन्हा धुवाले बसला म्हंजे?" जाईबाईने झाकण स्वतः बसवलं, आणि जेमतेम आवळलं. "जा आता. मूर्तिजापूरच्या पाच खेपा कर, ड्रम भर. आन पुढल्या साली मारोतीच्या पान्याची सेवा माह्याकडे राहीन. तू निस्ता डायव्हर."

मंडळी, त्या पिकअपचा काटा त्यानंतर लालीत गेलेला नाही. मिरवणुकीत ती चार तास मुंगीच्या पायाने चालली. आता पखवाज लागला, बुवा उभे राहत आहेत, म्हणून आवरतं घेतो. आज घरी गेल्यावर पानात मऊ वरण पडेल. तेव्हा ज्या घरातलं शेवटचं पाणी दुसऱ्याच्या दारी गेलं, त्या जाईबाईची एक वेळ आठवण काढा, आणि मग घास घ्या.