नानांचा दरवाजा

भिका नानांना बसलेलं पाहिल्याचं आमच्या कॅम्पसवर कुणालाच आठवत नव्हतं. शिपाई म्हणून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी रोज देवपूरहून सायकल हाणत येतात आणि परीक्षा विभागाच्या इमारतीभोवती फिरत राहतात.

इमारत उघड्या काँक्रीटची. चारही भिंती हुबेहूब सारख्या. तीन बाजूंना भल्यामोठ्या पायऱ्या, त्या चढून जावं तर समोर कोरी भिंत. खरा दरवाजा इमारतीच्या खाली, खांबांच्या सावलीत. आर्किटेक्टने तो उन्हापासून लपवला म्हणे. माणसांपासूनही लपला.

कुणी पायऱ्यांवर घुटमळलं की नाना हजर. सगळेच इथे चुकतात, हे त्यांचं अहिराणीतलं पालुपद. "बठ्ठा चुकतस. दरवाजा पोटमा शे. मन्हा मांगे या." दरवाजा दहा पावलांवर असला तरी ते उलट्या बाजूने अख्खी फेरी घालतात आणि वाटेत विचारतात, "तुम्हनं गाव कोनतं?" एकदा ऐन मे महिन्यात त्यांनी बाहेरून आलेली तपासणी समिती अशीच फिरवली. समिती आत पोचली ती पाणी पाणी करत. पण अध्यक्षांच्या आत्याचं सासर पिंपळनेरचं, एवढं नानांना कळलं होतं.

मी त्यांचा शेजारी आणि त्याच इमारतीतला कारकून. भिंतीवर पिवळे बाण रंगवावेत, ही टिपणी मीच लिहिली. मग नाना माझ्या टेबलाभोवती फेऱ्या घालू लागले. "भिंतले रंग लावू नका भाऊ. आर्किटेक्ट सायेबनी सांगेल व्हतं." मला वाटलं, म्हाताऱ्याला काँक्रीटचं वेड. बाण रंगवले गेले.

चौथ्या दिवशी नाना पायरीवर बसलेले दिसले.

"सकायपाइन कोनीच इचारं नै," ते म्हणाले. "घर तं मी एकलाच. तठे कोन इचारी?"

मला माझीच लाज वाटली. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे.

दुसऱ्या दिवशी मी बाणाखाली जाऊन उभा राहिलो. "नाना, परीक्षा विभाग कुठे आहे हो?"

त्यांनी बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मन्हा मांगे या," म्हणाले आणि उलट्या बाजूने निघाले. "तुम्हनं गाव कोनतं?"

"धरणगाव. आणि तुमचं?"

नाना थांबले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. मग जे सांगत सुटले, की दरवाजासमोरून आम्ही दोनदा पुढे निघून गेलो.