गजभिये काकांचा कॅट

आमच्या इंदिरा नगरात बाकीचे लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, गजभिये काका पत्त्यांचा कॅट ठेवतात. खेळायला नव्हे, काका उभ्या जन्मात रमीचा एक डाव खेळलेले नाहीत. सरकारी सांख्यिकीच्या नोकरीत नागपूरहून लखनौला आले, इथेच निवृत्त झाले, आणि जगातली प्रत्येक शंका पत्त्यांत मोजायची खोड तेवढी मागे उरली.

लाईट गेली, तासाभरात येईल का, असं विचारलं तर म्हणणार, "बावन्नात सव्वीस. लाल पान निघण्याइतकी." गॅसवाला आज येण्याची शक्यता बावन्नात बारा, म्हणजे राजा, राणी किंवा गुलाम. माझं प्रमोशन होईल का, हे मी विचारलंही नव्हतं, तरी बावन्नात चार, म्हणजे एक्का, असं सांगून गेले. सब्जीवाल्यालाही सोडत नाहीत. "भैया, बावन टमाटर में कितने सड़े निकलेंगे?" तो बिचारा धसका घेऊन दोन टमाटे जास्तीचे टाकतो.

शकुन-मुहूर्ताचं नाव काढलं की मात्र खवळतात. पत्त्याला पुढचं काय माहीत, तो कागद आहे, आपण फक्त शक्यता मोजायची, हे त्यांचं ठरलेलं व्याख्यान.

गेल्या महिन्यात काकूंच्या मानेत गाठ निघाली. तुकडा तपासायला दिला. डॉक्टर म्हणाले, चार में एक खराब निकलती है, रिपोर्ट सोमवार को मिलेगी. चारात एक म्हणजे इस्पिक. त्या दिवसापासून काका बाल्कनीत बसून पत्ते पिसायचे, एक पान ओढायचे, ते परत घालून पुन्हा पिसायचे. पहिल्याच संध्याकाळी लागोपाठ दोनदा इस्पिक निघालं आणि काका जेवले नाहीत. आता तुम्हीच शकुन बघताय का, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून इस्पिक येईचना. बदाम, चौकट, किलवर, पुन्हा बदाम. काकू दारातून विचारायच्या, काय निघालं जी? काका पान दाखवायचे. त्या हसून आत जायच्या.

सोमवारी दवाखान्यात काकूंना तपासणीचं रक्त काढायला आत नेलं. रिपोर्टला अजून अर्धा तास होता. बाकावर काका पत्ते पिसत बसले. मी आपला धीर द्यायला म्हटलं की काका, त्या पहिल्या संध्याकाळनंतर एकही इस्पिक नाही, चांगलंच होणार.

काका हळूच म्हणाले, "चाळीस वेळा ओढलं. चाळीसदा इस्पिक न येण्याची शक्यता लाखात एक असते बाबू. आणि तीस वर्षं हाताळलेला कॅट आहे हा, हातात घेतल्याबरोबर कळलं. एकोणचाळीसच पानं आहेत. तेरा इस्पिकं तुझ्या काकूनं तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलीत, बघितली मी."

माहीत असून रोज कशाला ओढता, मी विचारलं.

"मला काही कळलं नाही असं तिला वाटते न," काका म्हणाले. "तेवढ्यानं ती दोन घास जेवते."

तेवढ्यात काकू दंडावर कापूस दाबत बाहेर आल्या. काकांनी घाईघाईनं एक पान ओढलं आणि स्वतः न बघताच त्यांच्यापुढे धरलं.